टेकडीखालचा बारमाही झरा : पाणी नक्की येतं कुठून?

ओढ्याकाठी (धागाकर्ती) | डिसेंबर, शनिवार रात्री

मी पुण्याच्या पश्चिमेकडच्या एका शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. शाळेमागे टेकडी आहे. टेकडीच्या पायथ्याशी एक जुनं दगडी कुंड आणि कुंडाच्या कोपऱ्यात बारमाही झरा. तिथून पन्नास पावलांवर ओढा. हा ओढा पुढे रामनदीला मिळतो आणि रामनदी पाषाण तलावातून बाणेर-औंधकडे जाऊन मुळेला. जागेचं नाव मुद्दाम देत नाही. वस्ती आमच्याच मुलांच्या घरांची आहे.

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड या भागात जीबीएस या नसांच्या आजाराचे (गुलेन-बारे सिंड्रोम) रुग्ण वाढले, काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जंतू सापडला आणि सगळ्यांच्या नजरा पाण्याकडे वळल्या, ते तुम्हाला आठवत असेल. यंदा पाण्याचा धडा शिकवताना एका मुलाने विचारलं, "बाई, आमची आजी कुंडातलंच पाणी पिते. नळाचं तिला गोड लागत नाही. चालतं का ते?" मला उत्तर देता आलं नाही. चालतं म्हणावं तर आधार नाही, आणि चालत नाही म्हणावं तर त्यालाही नाही. तिथून हे सगळं सुरू झालं.

सुरुवात एचटूएस बाटलीने केली. छोटी काचेची बाटली, आत औषध लावलेली कागदाची पट्टी. खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं आणि २४ ते ४८ तास उबेत ठेवायचं. विष्ठेतून येणारे जंतू असतील तर पाणी काळं पडतं. १९८२ साली ग्वाल्हेरच्या संरक्षण प्रयोगशाळेतल्या मंजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साधी पद्धत जगापुढे मांडली. आम्ही तीन बाटल्या भरल्या : उकळून गार केलेलं पाणी, शाळेच्या नळाचं आणि कुंडाचं. तिन्ही टॉवेलात गुंडाळून प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या आधीच सगळे कपाटापाशी गोळा झाले होते. टॉवेल उलगडला. पहिल्या दोन बाटल्या ठेवल्या तशाच फिकट होत्या. तिसरी काळीकुट्ट, आत दौत सांडल्यासारखी. ज्याने प्रश्न विचारला होता त्याने ती खिडकीच्या उजेडाकडे धरली. उजेड आरपार येईना. तो काही बोलला नाही, बाटली सावकाश जागेवर ठेवली. मधल्या सुट्टीत मला म्हणाला, "आजीला कोण सांगणार?"

ओढ्याबद्दल शंका नव्हतीच, तरी त्याचीही तपासणी केली. पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजताना दोन रसायनं घातली की साका तयार होतो. प्राणवायू असेल तर तपकिरी, नसेल तर पांढरा. आमचा साका दुधासारखा पांढरा आला. पुस्तकात तपकिरी रंगाचं चित्र असल्याने मुलांना वाटलं प्रयोग चुकला, म्हणून त्यांनी तो आणखी दोनदा केला. त्या पाण्यात मासा का नाही, हे त्यानंतर मला समजावून सांगावं लागलं नाही.

पण कुंडाचं पाणी दिसायला काचेसारखं आहे. मग घाण येते कुठून? मुलांनी फळ्यावर तीन शक्यता लिहिल्या. एक, पावसाचं पाणी टेकडीत मुरून खडकाच्या भेगांतून येतं आणि कुंडाशी आल्यावर वरून खराब होतं. दोन, महापालिकेची जलवाहिनी कुठेतरी गळते आणि तेच पाणी इथे निघतं. तीन, उतारावरच्या इमारतींचे शोषखड्डे पाझरतात.

दुसरी शक्यता लवकर मागे पडली. खडकवासल्याचं नळाचं पाणी मृदू, म्हणजे क्षार कमी असलेलं असतं. कठीणपणा मोजताना लालसर रंग निळा होईपर्यंत थेंब मोजावे लागतात. नळाच्या पाण्याला थोडक्यात निळा रंग आला, कुंडाच्या पाण्याला थेंब मोजून मुलं कंटाळली. क्लोरीनची ओटी टेस्टही केली (क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं), पिवळेपणाचा मागमूस नाही. (क्लोरीन वाटेत उडून जाऊ शकतो हे ठाऊक आहे, म्हणून भरवसा कठीणपणावर जास्त ठेवला.) मग टेकडीच्या पलीकडे, जिथे एकही घर नाही, तिथला एक बारीक पाझर शोधला आणि तुलनेला घेतला. कठीणपणा दोन्हींचा साधारण सारखा. पण नायट्रेटची पट्टी (नायट्रेट मैल्यातूनही पाण्यात उतरतं, आणि ते जितकं जास्त तितका रंग गडद) पलीकडच्या पाण्यात जेमतेम गुलाबी झाली आणि कुंडाच्या पाण्यात गडद गुलाबी.

शेवटची युक्ती मला सगळ्यात आवडली. कपडे पांढरेशुभ्र दिसावेत म्हणून धुण्याच्या पावडरीत जे द्रव्य घालतात ते अतिनील दिव्याखाली निळं चमकतं आणि कापसाला चिकटतं. औषधाच्या दुकानातला कापूस चालत नाही, त्यावर आधीच प्रक्रिया झालेली असते. एका मुलीच्या आजीने वातींसाठी ठेवलेला देशी कापूस दिला. तो चहाच्या गाळण्यांत भरला आणि आठवडाभर कुंडात दगडाखाली सावलीत ठेवला, कारण उन्हाने ती चमक जाते. एक गाळणं पलीकडच्या पाझरात, आणि थोडा कापूस कोरडाच कपाटात. मग अंधाऱ्या अडगळीच्या खोलीत, नोटा तपासायच्या दिव्याखाली तिन्ही धरले. कुंडाच्या कापसावर निळसर झाक होती. ठळक नव्हती, पण वीस मुलांनी एकेकट्याने बघून एकच कापूस दाखवला.

आता मी अडले आहे. हा पुरावा पुरेसा आहे का? आणि सांगायचं कुणाला, कसं? कुंडापाशी देव आहे, लोक तीर्थ म्हणून पाणी नेतात. उतारावरच्या इमारतींत आमचेच पालक राहतात.

---

पंचगंगा_घाट | रविवार सकाळी

ताई, आधी एक. पुरावा पक्का होईपर्यंत थांबू नका. "उकळून प्या" एवढं त्या आजींना आजच सांगा. आमच्याकडं २०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळलं होतं, माणसं गेली. त्या दिवसांत पाव्हण्याच्या घरी तांब्या पुढं आला तर हात पुढं होत नव्हता. ते पाणीसुद्धा दिसायला स्वच्छच होतं.

मुलांचं मनापासून कौतुक. कोल्हापुरात जयंती नाल्याबद्दल गेली कित्येक वर्षं आम्ही सगळे बोलतोय. नाला कुठं मिसळतो ते शाळकरी पोरगंही दाखवंल. पण त्या नाल्यात वर कुठल्या गल्लीचं काय येतं हे चालत जाऊन बघणारे फार थोडे.

---

भूजलवाला | रविवार दुपारी

मी भूजलाच्या कामात आयुष्य काढलं, आता निवृत्त आहे. मुलांनी तुलनेसाठी दुसरा पाझर घेतला हे वाचून फार बरं वाटलं. हे मोठ्या माणसांच्या अहवालांतही राहून जातं.

काही गोष्टी दुरुस्त करून घ्या. एचटूएस बाटली काळी झाली म्हणजे संशय बळावला, एवढंच म्हणा. गंधकावर जगणारे काही निरुपद्रवी जंतूही ती काळी करू शकतात. कुणाला लेखी द्यायचं असेल तर प्रयोगशाळेतून ई. कोलाय या विष्ठेतून येणाऱ्या जंतूची तपासणी करून घ्या. पिण्याच्या १०० मिलीलिटर पाण्यात तो एकही सापडता कामा नये, असं भारतीय मानक सांगतं. त्यासाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणा आणि ती पाण्याने खळबळू नका. रासायनिक तपासणीची बाटली मात्र त्याच पाण्याने तीनदा खळबळायची. मुलं इथे हमखास गोंधळतात. नमुना बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा.

नायट्रेटचाही नेमका आकडा घ्या. मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि तिला सवलत नाही. वरचे प्रतिसादक उकळून प्या म्हणाले ते जंतूंसाठी अगदी योग्य. पण नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. वस्तीत तान्हं बाळ असेल तर या पाण्यात त्याचं दूध कालवू नये, हे आवर्जून सांगा.

आता खडकाचं. आपल्याकडे लाव्हाचे थर एकावर एक बसले आहेत. वर मुरूम, मग विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो पोकळ्या-भेगांचा खडक, त्याखाली अखंड काळा पाषाण. दोन थरांमध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टाही असतो. पाणी भेगांतून खाली उतरतं, घट्ट थराशी अडतं, मग आडवं सरकत जातं आणि टेकडीचा उतार जिथे तो थर कापतो तिथे झरा होऊन बाहेर येतं. वाळूत पाणी गाळलं जातं तसं भेगेत गाळलं जात नाही. शोषखड्ड्यातलं पाणी थेट भेगेत उतरलं तर काही दिवसांत झऱ्यात येऊ शकतं, आणि दिसायला नितळ येतं. मात्र भेगा नेहमी उताराच्याच दिशेने जातात असं नाही. वरच्याच इमारतीवर बोट ठेवायची घाई नको.

आणि एक प्रश्न. तुम्ही दोनदा 'बारमाही' लिहिलंत. कधीपासून बारमाही आहे? आपल्या भागातल्या लहान टेकड्यांच्या पोटात एवढं पाणी मावत नाही. पायथ्याचे असे बरेच झरे उन्हाळ्यात आटतात किंवा बोटभर धारेवर येतात. तुमचा आटत नसेल तर त्याला वर्षभर पाणी कोण देतं ते बघा. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला विचारा. बादली आणि घड्याळ घेऊन दर आठवड्याला धारही मोजा.

---

पूर्णाकाठ | रविवार रात्री

+१. वरचा प्रतिसाद छापून वर्गात लावण्यासारखा आहे.

मी अकोल्याचा. आमच्या इकडे उलटी अडचण. पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, अकोला-अमरावती-बुलढाण्यातली कितीतरी गावं त्यात येतात. विहिरीचं पाणी मुळातच खारट. आमच्या शाळेतल्या पोरांनी टीडीएसचा (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा) पेन घातला तेव्हा आकडा पाहून ती घाबरलीच, कारखान्याचं पाणी मिसळलं म्हणू लागली. आसपास कारखाना नाहीच. ते क्षार जमिनीतले, पिढ्यान्‌पिढ्यांचे. टीडीएस वाढला म्हणजे प्रदूषण झालं असं नाही आणि टीडीएस कमी म्हणजे पाणी शुद्ध असंही नाही. पेनाला जंतू दिसत नाहीत.

थोडं अवांतर, पण सांगतोच. पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला येणारे ग्लासात दोन सळ्या घालून वीज सोडतात आणि तपकिरी गाळ दाखवतात. तो गाळ सळीच्या लोखंडाचा असतो. यंत्रातून निघालेल्या पाण्यात क्षारच नसतात, वीज वाहत नाही, म्हणून तिथे गाळ दिसत नाही. आमच्या दहावीच्या पोरींनी शुद्ध पाण्यात चिमूटभर मीठ टाकून तोच गाळ काढून दाखवला. त्या दिवशी गावात दोन घरांनी यंत्राची ऑर्डर रद्द केली.

ग्रामपंचायतीत पाण्यात टाकायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर, ओटी टेस्ट, गावाचं पाणी किती सुरक्षित ते सांगणारं लाल-पिवळं-हिरवं कार्ड हे सगळं असतं. पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी होते. पण आपल्या गावाचं कार्ड कोणत्या रंगाचं आहे हे घरी कुणाला ठाऊक नसतं. पोरांना ते बघायला पाठवा.

---

टेकडीकर | सोमवार सकाळी

माझं मत थोडं वेगळं आहे, राग नसावा. मी अशाच एका वस्तीत राहतो. मुलांना सांडपाण्याच्या ओढ्यात उतरवणं मला पटत नाही. काही झालं तर जबाबदार कोण? दुसरं, झऱ्यावर लोकांची श्रद्धा आहे. आणि 'अमुक इमारतीची घाण' असं एकदा पसरलं की तिथल्या माणसांना तोंड दाखवणं मुश्किल होतं. त्यांतल्या बहुतेकांना आपला शोषखड्डा कुठे आहे हेसुद्धा माहीत नसेल. फ्लॅट घेताना कोण विचारतं?

---

ओढ्याकाठी | सोमवार रात्री

@टेकडीकर, तुमची काळजी रास्त आहे. ओढ्यात कुणीही उतरलं नाही. काठावरून, काठीला बांधलेल्या डब्याने नमुना घेतला, हातमोजे होते, नंतर साबणाने हात धुणं सक्तीचं होतं. पालकांची लेखी परवानगीही घेतली होती. बदनामीबद्दल तुम्ही म्हणता ते मला पूर्ण पटतं, म्हणून तर इथे नाव नाही. शोषखड्डा कुठे आहे हे राहणाऱ्यांनाच माहीत नसतं, हे तुमचं वाक्य मी वहीत लिहून ठेवलं आहे.

@भूजलवाला सर, तुमच्या प्रश्नाने झोप उडाली. उद्या आजींकडे जाते.

---

सुरभी_मिशिगन | सोमवार

आमच्या राज्यात फ्लिंट शहर आहे. २०१४ मध्ये तिथे नळाच्या पाण्याचा स्रोत बदलून नदीचं पाणी सुरू केलं आणि पाइप गंजू नयेत म्हणून घालायचं द्रव्य घातलं नाही. जुन्या पाइपांतलं शिसं पाण्यात उतरलं. पाणी ठीक आहे असं रहिवाशांना सांगितलं जात होतं. २०१५ मध्ये व्हर्जिनिया टेकचे विद्यार्थी आणि फ्लिंटचे रहिवासी यांनी मिळून घरोघरचे नमुने घेतले आणि शिसं उघडकीला आणलं. लोक नदीला दोष देत होते, विष मात्र घराजवळच्या पाइपात होतं. म्हणून नमुना कुठल्या जागी, किती वाजता घेतला हे प्रत्येक बाटलीवर लिहायला लावा. रात्रभर पाइपात साचलेलं पहाटेचं पहिलं पाणी आणि पाच मिनिटं नळ सोडल्यानंतरचं पाणी यांत फार फरक पडतो.

माझ्या मुलीच्या शाळेत ओढ्यातले किडे मोजतात. दगड उलटला आणि खाली मेफ्लायची पिल्लं दिसली की पाणी चांगलं. नुसत्या लाल अळ्या दिसल्या की प्राणवायू कमी. खर्च शून्य. तुमच्या पलीकडच्या पाझरावर करून बघा.

---

कातळसडा | मंगळवार

रत्नागिरीहून. आमच्याकडे जांभा, सगळा भोकाभोकांचा. पहिल्या पावसानंतर विहिरीचं पाणी लालसर होतं ते आम्ही चालवून घेतो, मातीच ती. पण हल्ली वाडीत शौचालयाची टाकी आणि विहीर यांत अंतर ठेवायला जागाच उरलेली नाही. ताई, तो कापसाचा प्रयोग मी आमच्या वाडीत करणार आहे. कापूस किती दिवस ठेवायचा, आणि नंतर धुवायचा का?

---

ओढ्याकाठी | बुधवार रात्री

@कातळसडा, आम्ही सात दिवस ठेवला. काढल्यावर त्याच जागच्या पाण्यात हलकेच खळबळून माती काढा, पिळू नका, अंधारात वाळवा. हाताळणाऱ्याचे कपडे पावडरीने धुतलेले असतात, म्हणून हातमोजे घाला आणि कापूस ओढणीला लागू देऊ नका. आमचा पहिला प्रयत्न असाच फुकट गेला.

आता आजी. ऐंशीच्या पुढच्या आहेत. लग्न होऊन इथे आल्या तेव्हा टेकडीवर गवत आणि गुरं होती. मी विचारलं, "आजी, झरा आधीपासूनच बारमाही आहे का हो?" त्या म्हणाल्या, "छे गं. होळी झाली की आटायचा. मग आम्ही नदीवर जायचो, डोक्यावर हंडा घेऊन. मृगाचा पाऊस पडला की आठ-पंधरा दिवसांनी परत सुरू व्हायचा. त्या वरच्या बिल्डिंगी झाल्या ना, तेव्हापासून देवानं कृपा केली. तेव्हापासून आटलाच नाही."

नातू शेजारी बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला कळलं होतं.

मी त्या वेळी एवढंच म्हटलं की आजी, पाणी उकळून घ्या. बाकीचं नातवाने रात्री सांगितलं, काळी बाटली घरी नेऊन. आजी त्याला म्हणाल्या, "म्हणजे आम्ही काय पितोय मग?" आणि दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी कुंडाचं पाणी प्यायचं सोडलं. देवाला घालतात अजून. त्यावर मी काही बोलले नाही, बोलणारही नाही.

---

भूजलवाला | गुरुवार

हेच हवं होतं. आजींची ही साक्ष तारखेसह लिहून ठेवा, इमारती कोणत्या साली झाल्या तेही. शोषखड्ड्यात रोज पाणी पडतं, उन्हाळा असो की पावसाळा, म्हणून झरा आटत नाही. पुण्याभोवती वस्ती वाढली तिथे असे झरे आणखीही असतील. लोक त्यांना जिवंत झरे समजतात.

---

ओढ्याकाठी | मार्च, रविवार

खूप दिवसांनी धागा वर काढते. काहींनी व्यक्तिगत निरोप पाठवून विचारलं होतं.

जानेवारीत प्रयोगशाळेचा अहवाल आला. ई. कोलाय आहे. नायट्रेट मर्यादेच्या वर आहे. अहवाल घेऊन आम्ही आधी कुणाकडेही तक्रार केली नाही. मुलांनी उतारावरच्या सगळ्या सोसायट्यांच्या अध्यक्षांना शाळेत बोलावलं, कुणा एकाला नाही. टेकडीचा मातीचा नमुना केला होता, त्यात थर, भेगा, झरा दाखवला. आजींचं बोलणं एका मुलीने जसंच्या तसं वाचलं. तेव्हा खोलीत कुणी बोलेना. मग एक काका उठून म्हणाले, "आमची टाकी भरतच नाही. मैला उपसायची गाडी बोलवावी लागली नाही एवढ्या वर्षांत. आम्हाला वाटायचं, चांगली बांधली आहे."

टाकी उघडली तेव्हा तिला तळ नव्हता. खालून सरळ मुरूम आणि खडक. पाणी आणि मैला सगळा खाली जात होता. दुसऱ्या एका सोसायटीचं कपडे धुण्याचं पाणी बागेतल्या खड्ड्यात सोडलेलं निघालं. पहिल्यांनी फेब्रुवारीत जोडणी रस्त्याच्या मलवाहिनीला करून घेतली, वर्गणी काढून. दुसऱ्यांचं अजून व्हायचं आहे, पैशांवरून अडलं आहे. कुंडावर 'हे पाणी पिऊ नये' असा फलक लागला. मजकूर मुलांचा, अक्षर आजींच्या नातवाचं.

बाटली अजून काळीच होते. भूजलवाला सर म्हणाले होते की भेगांत साचलेलं धुऊन निघायला एक-दोन पावसाळे तरी जातील, त्यामुळे मुलं निराश नाहीत. पण धार बदलली आहे. दर शनिवारी सकाळी ७ वाजता आम्ही त्याच बादलीने मोजतो, आणि होळीपासून बादली भरायला दर वेळी आधीपेक्षा जास्त वेळ लागतो आहे. कालच्या मोजणीला आजीही काठी टेकत आल्या होत्या. बराच वेळ धारेकडे बघत होत्या. "आटणार का गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो आजी, मे महिन्यात आटेल बहुतेक." त्या म्हणाल्या, "पूर्वीसारखा." आणि नातवाला म्हणाल्या, घड्याळ नीट बघ.

पुढची मोजणी शनिवारी.